देवगावच्या निवाऱ्यावरची ओळ

संभाजीनगरला जाऊन आले म्हटलं की लोक पहिल्यांदा वेरूळचं विचारतात. वेरूळ मी पाहिलं ते चालत्या गाडीच्या काचेतून, तेही वाहनतळाच्या पाटीपुरतं. अजिंठ्याचं कुणी नावही काढलं नाही, मकबरा लांबून दिसला, आणि हिमरू शाल आणली नाही म्हणून माझी धाकटी बहीण अजून फुगून बसली आहे. ज्यांना ही माहिती हवी असेल त्यांना माझ्या या लिहिण्याचा काही उपयोग नाही, हे आधीच सांगून टाकते.

मी गेले होते वैशालीच्या वर्षश्राद्धाला.

वैशाली आधी माझी विद्यार्थिनी, मग सहकारी, आणि शेवटची काही वर्षं मला दटावणारी बाई. गेल्या वर्षी पितृपंधरवड्यात तिला पुण्यात डेंग्यूचा ताप आला आणि त्यातच ती गेली. पस्तिशीही उलटली नव्हती. तिच्या खुर्चीवर अजून कुणी बसत नाही, तिचा पाण्याचा तांब्या अजून खिडकीत आहे, आणि तो उचलायचं धाडस माझ्यातही नाही.

आमचं काम काय, ते सांगायला हवं, कारण सगळं त्यावर अडलं होतं. आपली आकाशगंगा म्हणजे ताऱ्यांची एक चपटी चकती. तिच्या मध्यापासून वर आणि खाली तापलेल्या वायूचे दोन अवाढव्य फुगे निघालेले आहेत, आणि त्यांना पोटात घेणारे त्याहून मोठे आणखी दोन. साध्या डोळ्यांना यातलं काही दिसत नाही. क्ष-किरण, गॅमा किरण, रेडिओ लहरी पकडणाऱ्या दुर्बिणींनाच ते दिसतात. हे फुगे आले कुठून, यावरून आमच्यात दोन तट आहेत. एक म्हणतो, मध्यावरच्या महाकाय कृष्णविवरात कधीकाळी भरमसाट वायू पडला, त्यातून उद्रेक झाला आणि त्याने हे फुगवले. दुसरा म्हणतो, हे चकतीतल्या ताऱ्यांचं काम. जिथे तारे गर्दीने जन्मतात तिथले मोठे तारे लवकर मरतात, मरताना फुटतात, आणि लाखो वर्षांचे असे स्फोट मिळून गरम वारा वर उठतो. वैशाली पहिल्या तटाची, आणि साधी नव्हे, कडवी. मीही तिच्याच बाजूची.

ती गेल्यावर तिने अर्धवट ठेवलेला रेडिओ नकाशा आम्ही पुरा केला. मोठ्या फुग्यांच्या कडांना चुंबकीय धागे असतात. ते खाली खाली बघत गेलं तर मध्यावर, कृष्णविवरापाशी उतरायला हवे होते. ते तिथे उतरत नाहीत. बाजूला, ताऱ्यांच्या जन्मस्थानांकडे उतरतात. आतल्या लहान फुग्यांचं अजून कुणी खात्रीने सांगू शकत नाही, पण मोठ्यांच्या बाबतीत वैशालीचं म्हणणं कोसळलं होतं. नकाशा तिचा, म्हणजे लेखावर तिचं नाव हवंच. पण लेखाचा निष्कर्ष तिच्या नेमका उलट. गेलेल्या माणसाच्या तोंडी तिने जन्मभर खोडलेलं वाक्य घालायचं का? बाकीचे म्हणाले, यात विचार काय करायचा, नाव टाका. मला ते इतकं सोपं वाटेना. वर्षश्राद्धाचं बोलावणं आलंच होतं. म्हटलं, तिच्या आईवडिलांना विचारून येते.

चिकलठाणा

बसथांब्यावरून मला घ्यायला वैशालीचा धाकटा भाऊ संतोष आला होता. तो जालना रस्त्यावरच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे आणि चिकलठाण्याला नव्या इमारतीत राहतो. नाक, कपाळ, बोलताना मान तिरकी करायची लकब, सगळं बहिणीचं. पहिली पाच मिनिटं मी त्याच्याकडे न बघताच बोलत होते.

त्याच्या बायकोने ज्वारीची भाकरी, पिठलं आणि शेंगदाण्याची चटणी वाढली. मी रत्नागिरीची. आमच्याकडे भात दिसला नाही तर पाहुण्याला जेवायला घातलं असं कुणी मानत नाही. इथे भात शेवटी आला, तोही दोन घास, औषधासारखा. चटणीने डोळ्यांतून पाणी काढलं आणि त्याचा मला फायदाच झाला, कारण समोरच्या भिंतीवर वैशालीचा फोटो होता.

जेवण झाल्यावर संतोषने मोबाइलवर निमंत्रणपत्रिका दाखवली. त्यांच्याकडे वर्षाच्या दिवशी कीर्तन किंवा प्रवचन ठेवतात, मांडव घालतात, गावाला जेवण घालतात. आमच्याकडे वर्षश्राद्ध म्हणजे केळीची पानं, कावळ्याचा घास, चार जवळची माणसं, आणि दुपारी सगळे पंख्याखाली आडवे. पत्रिकेत महाराजांचं नाव असतं त्या जागी माझं नाव होतं. खाली ‘प्रवचन: आकाशातील फुगे’. त्याखाली, वैशालीच्या स्मरणार्थ बांधलेल्या प्रवासी निवाऱ्याचं माझ्याच हस्ते लोकार्पण.

संतोषने सांगितलं, नानांनी, म्हणजे वडिलांनी, महाराज नको म्हणून हट्ट धरला. तिचं काम तिच्या म्याडमच सांगतील म्हणाले. आणि निवारा कामून, तर वैशाली अकरावीपासून त्या फाट्यावर उन्हापावसात उभी राहून बस पकडायची, म्हणून. ‘नाना वरीसभर त्यावरच जगलेत म्याडम,’ तो म्हणाला. त्याच्यापाशी लेखाचा विषय काढायचं मी मनाशी ठरवलं होतं. या वाक्यानंतर माझी जीभ रेटेना.

शहरात

दुसऱ्या दिवशी सकाळी आभाळ भरून आलेलं आणि पडत मात्र नव्हतं. निवाऱ्यावर बसवायचा संगमरवरी दगड शहागंजच्या मागच्या गल्लीत कोरायला दिला होता, तो घेऊन गावी जायचं होतं. कोरणारे म्हातारे गृहस्थ दारातच बसलेले, भुवयांपासून चपलांपर्यंत पांढऱ्या भुकटीने माखलेले. आजूबाजूला मशिदीचे, देवळांचे, दवाखान्यांचे, कबरींचे दगड एकमेकांना टेकून उभे. त्यांनी आमचा दगड आडवा टाकला, ओल्या फडक्याने पुसला आणि मला म्हणाले, ‘मॅडम, एक दफा पढ लो. बाद में पत्थर पे रबर नहीं चलता.’

मी वाचलं. वर वैशालीचं नाव, पदवी, जन्म, मृत्यू. मग गावाचं नाव. आणि शेवटी, सगळ्यात मोठ्या अक्षरांत: ‘आकाशगंगेच्या महाकाय फुग्यांचा उगम कृष्णविवरात आहे हे जगाला दाखवून देणारी देवगावची लेक.’

आमच्या धंद्यात कुणाचा निष्कर्ष दगडावर कोरत नाहीत. कागदावर छापतानाही ‘असे दिसते’, ‘असे असू शकते’ अशी शेपटं लावून छापतो, कारण पुढच्याच वर्षी कुणीतरी येऊन ते मोडणार, हे सगळे धरून चालतात. पण देवगावात हे कुणी सांगितलं असणार? त्यांच्या लेकीने एक गोष्ट शोधली, ती मोठ्या लोकांनी छापली, म्हणजे ती झाली. कुणी विहीर बांधली की ती बांधली, तसं.

‘सही है ना?’ म्हाताऱ्याने विचारलं. संतोष माझ्या तोंडाकडे बघत होता, त्याच बहिणीच्या तिरक्या मानेने. मी म्हटलं, ‘अक्षरं बरोबर आहेत.’ दोघांनाही ते पुरलं. अक्षरांत काळा रंग भरायचं काम सुरू झालं आणि रंग वाळेपर्यंत तासभर मोकळा होता.

त्या तासात संतोषने मला नान-खलिया खायला नेलं. तो मला खाऊ घालायचाच, असा वैशालीचा हुकूम होता म्हणे. ‘माझ्या म्याडमचं तोंड मासे खाऊन बिघडलंय, त्यांना एकदा खलिया घालायचा,’ असं ती घरी सांगायची. परातीएवढा पिवळसर नान, आणि खोल ताटलीत लाल तवंगाचा मटणाचा रस्सा. वर्ष पुरं होईपर्यंत संतोषने मटण सोडलं होतं. तो समोर नुसता चहा घेऊन बसला आणि मी कशी खाते ते बघत राहिला. घास गळ्याखाली उतरणार नाही असं मला वाटलं होतं. उतरला, आणि मी दुसरा नानही मागवला. पोटाला लाज नसते हे मला त्या दिवशी पुन्हा कळलं.

रस्ता

दगड मागच्या सीटवर वाकळीत गुंडाळून ठेवला आणि तो हलू नये म्हणून मी त्याच्या शेजारी बसले. दौलताबादला रस्ता किल्ल्याच्या तटातल्या जुन्या दरवाज्यातून जातो, आणि दरवाजा एका वेळी एका गाडीपुरताच. समोरून मक्याने भरलेला ट्रक आला, तो अडला, त्याच्यामागे सहलीची बस अडली, आणि दोन्हीकडे भोंग्यांचा नुसता गदारोळ. आम्ही तिथे बराच वेळ उभे होतो. पाऊस आता बारीक सुरू झाला होता. डोंगर चढून खुलताबाद गेलं, मघा म्हटलेली वेरूळची पाटी गेली, आणि मग दोन्ही बाजूंना काळं सपाट रान लागलं. कपाशी, मका, आणि मधूनमधून आल्याची हिरवीगार शेतं. इकडे त्याला अद्रक म्हणतात.

कसाबखेड्याच्या पुढे एका खड्ड्यात गाडी आदळली आणि दगड सरकून माझ्या पायावर आला. काठ जराही फुटला नाही. माझ्या अंगठ्याचं नख मात्र तिथल्या तिथे काळंनिळं पडलं. संतोषने गाडी थांबवून आधी दगड बघितला, मग माझा पाय बघितला आणि मग लाजला. मी त्याला म्हटलं, बरोबर केलंस, नख परत येतं.

देवगाव रंगारी

नाना फाट्यावरच उभे होते. उंच, हाडकुळे, डोक्यावर पांढरी टोपी, अंगातला सदरा भिजून चिकटलेला. ‘आलात? लई बरं केलं ताई,’ एवढंच म्हणाले, आणि घरी पाणीसुद्धा न पाजता मला आधी निवारा दाखवायला घेऊन गेले. सिमेंटचा स्वच्छ निवारा, बसायला तिन्ही बाजूंनी कट्टे. मागच्या भिंतीवर गावच्या पेंटरने आकाशगंगा रंगवली होती: मध्ये आडवी निळी चकती, वर एक आणि खाली एक असे दोन नारिंगी भोपळे. मला हसू आलं आणि पुढच्याच क्षणी रडू आलं, कारण आकृती चुकलेली नव्हती. वैशाली फळ्यावर काढायची तशीच होती.

बसची वाट बघणाऱ्या दोघातिघांनी मला ओळखलं. वैशालीने एकदा इथल्या शाळेत भाषण केलं होतं, ते सगळ्यांना पाठ होतं. काळ्या भोकानं लई खाल्लं अन् ढेकर दिली, त्याचे हे फुगे. ती ढेकर गावाने आपली मानली होती. एक म्हातारबुवा तर चित्राकडे बोट दाखवून मलाच ती गोष्ट सांगायला लागले. मी मान डोलवत ऐकून घेतली. गवंडी तोवर दगड बसवायला लागला होता.

दुपारी उशिरा नाना म्हणाले, चला, शेत बघा. बांधावरून लंगडत मी त्यांच्या मागे गेले. आल्याची पानं गुडघ्याच्या वर आलेली, आणि मध्येच पिवळे पडलेले पट्टे. पाणी साचून कंद सडले होते. नाना एकेक ठोंब उपटून बांधाबाहेर टाकत होते. मी आणखी थांबले तर बोलणं व्हायचं नाही, हे मला कळत होतं.

‘नाना, दगडावरची शेवटची ओळ आता बरोबर राहिली नाही,’ मी म्हटलं.

मग मी सगळं सांगितलं. नकाशा, धागे, ते कुठे उतरतात आणि कुठे उतरायला हवे होते. लेख लवकरच बाहेर पडणार आहे, आणि त्यावर तिचं नाव टाकायचं की नाही हे विचारायला आले आहे, हेही सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. शेवटी म्हणाले, ‘म्हंजे आमची पोरगी चुकली.’

‘मोठ्या फुग्यांच्या बाबतीत चुकली. मीही चुकले. पण चूक सापडली ती तिच्याच नकाशामुळे.’

त्यांनी हातातला ठोंब फोडला, वास घेतला आणि फेकून दिला. मग त्यांनी जे विचारलं त्याची तयारी मी केली नव्हती. ‘तिला कळलं व्हतं का?’

मी हो म्हणाले असते तर त्या माणसाला केवढा आधार झाला असता. चूक पहिल्यांदा तिलाच दिसली, ती आम्हा सगळ्यांच्या पुढे होती. नाही म्हणाले असते तरी चाललं असतं. ती आपल्या शोधावर समाधानी राहून गेली. दोन्ही वाक्यं माझ्या तोंडाशी होती. पण शेवटचे काही आठवडे वैशाली एकटीच नकाशा घेऊन बसायची आणि विचारलं की ‘होऊ द्या पुरा’ म्हणायची. तिच्या मनात काय होतं याचा माझ्यापाशी काडीचाही पुरावा नव्हता, आणि पुराव्याशिवाय बोलायची सवय मी जन्मभर स्वतःला लागू दिली नाही.

‘माहीत नाही, नाना.’

‘तुम्ही रोज तिच्यासंग बसत व्हता अन् तुम्हाला माहीत नाय.’ ते माझ्याकडे न बघता बोलत होते. ‘मग आज कशाला सांगितलं? उद्याचा दिस तरी जाऊ द्यायचा व्हता.’

ते पुढे निघून गेले. मी चिखलातून पाय ओढत मागे राहिले. आपण इथे यायला नको होतं असं मला त्या बांधावर फार तीव्रतेने वाटलं. संध्याकाळी ताटात मसाल्याची येसर आमटी आली. एरवी तिच्यावर मी चार ओळी लिहिल्या असत्या. नाना समोर बसून जेवले आणि उठले.

चुलीपाशी

सकाळी स्वयंपाकघरात वैशालीची आई भाकऱ्या थापत होती. तिला सगळं गाव मायच म्हणतं. बुटकी, गप्प बाई. आल्यापासून तिने माझ्या अंगठ्याला हळद लावली होती, त्यापलीकडे ती माझ्याशी बोललीच नव्हती. कोपऱ्यात एक पत्र्याची पेटी होती. तिच्यात महालक्ष्म्यांचे मुखवटे असतात असं संतोष आदल्या दिवशी म्हणाला होता. भाद्रपदातल्या महालक्ष्म्या म्हणजे इथला सगळ्यात मोठा सण, आमच्या गौरींच्या दुप्पट थाटाचा. लेकी कुठेही असल्या तरी त्या तीन दिवसांना येतात. यंदा दुखवट्यामुळे पेटी उघडलीच नव्हती.

नाना उंबऱ्यावर चहा घेत बसले होते, पाठ आमच्याकडे करून. मायने परातीवरचा हात थांबवला नाही. तव्याकडेच बघत बोलली.

‘गेल्या वर्षी लक्ष्म्यांना पोरगी आली नाय. मी तुम्हाला म्हणले, तिला सुट्टी नाय. तसं नव्हतं.’ ती हे नवऱ्याला सांगत होती. ‘फोन आलता तिचा. म्हणली, माय, माझंच मला पटंना झालंय. सगळं पहिल्यापासून करून बघायचं आलं. दसऱ्याला येते.’

नाना वळले. ‘मग तू काय म्हणलीस?’

‘मी म्हणले, लक्ष्म्यांपरीस तुझं फुगं मोठं असतील तर येऊच नको.’

तव्यावरची भाकरी जळायला लागली होती. वास सगळ्यांना येत होता आणि कुणी ती उचलली नाही. दसरा यायच्या आधीच वैशाली गेली, हे तिघांनाही ठाऊक होतं. काल माझ्यापाशी नव्हता तो पुरावा आता माझ्यासमोर होता. तिला कळलं होतं, निदान शंका तरी आली होती, आणि ती शंका तपासायला म्हणूनच ती पुण्यात मागे राहिली होती. तो पुरावा मला आता नको झाला होता. नानांनी कप खाली ठेवला, चपला घातल्या आणि पावसात फाट्याकडे चालू लागले.

कार्यक्रम

मांडव गच्च भरला होता. पुढे सतरंजीवर बाया, मागे खुर्च्यांवर माणसं, हार घातलेला फोटो, आणि सारखा शिट्टी मारणारा ध्वनिक्षेपक. आधी निवाऱ्याचं लोकार्पण करायचं होतं. दगडावर भगवं कापड टाकलेलं. नाना माझ्या शेजारी उभे होते आणि त्यांच्या नखांत सिमेंट होतं. मी कापड ओढलं.

नाव, पदवी, जन्म, मृत्यू, गाव. आणि त्याखाली, जिथे ती मोठ्या अक्षरांची ओळ होती तिथे, सिमेंटचा ओला करडा पट्टा. थापी फिरवायलाही वेळ नसावा, हातानेच लिंपलेला. लोकांत कुजबुज झाली. मागून कुणीतरी विचारलं, ‘नाना, खालचं कुठं गेलं?’

नाना माइककडे गेले नाहीत. जागेवरूनच म्हणाले, ‘तिथं काम चालू हाय.’ मग माझ्याकडे वळून, ‘बोला ताई. जे हाय तेच बोला.’

मी बोलले. दोन तट सांगितले, ढेकर सांगितली, ताऱ्यांचा वारा सांगितला. वैशालीला स्वतःचंच म्हणणं पटेनासं झालं होतं आणि ते तपासायला ती पुन्हा पहिल्यापासून बसली होती, हेही सांगितलं. हे सांगताना माय बसली होती त्या बायकांच्या बाजूला मी बघितलं नाही. कालचे म्हातारबुवा उभे राहिले. ‘मग ती ढेकर नव्हंच का?’ मी म्हटलं, मोठ्या फुग्यांची बहुतेक नव्हे, लहानांचं अजून ठरलेलं नाही. ते खाली बसले. आपली एक चांगली गोष्ट कुणीतरी उचलून नेली असा त्यांचा चेहरा झाला होता. टाळ्या अशा वाजल्याच नाहीत. जेवणाच्या पंगतीत माझ्या मागे कुणीतरी म्हणालं की यापेक्षा महाराज परवडले असते, आणि माझा त्यावर राग नव्हता.

निघताना नानांनी मला शाल आणि नारळ दिला. प्रवचनकाराला देतात तसा, रीतसर. मग खालच्या आवाजात म्हणाले, ‘नाव टाका तिचं. तिनंच बांधलं, तिनंच मोडलं, दुसऱ्याचं काय त्यात.’ त्यांना आणखी काही बोलायचं होतं असं वाटलं, पण ते वळून पंगतीकडे गेले.

फाटा

संतोष मांडव आवरण्यात गुंतला होता, म्हणून मी बसनेच जायचं ठरवलं. माय मला सोडायला फाट्यापर्यंत आली. बरोबर धपाट्यांची चवड आणि पिशवीभर अद्रक, सडकं वेचून काढलेलं. आम्ही दोघी निवाऱ्यात बसलो. तिसरं कुणी नव्हतं. पाऊस थांबला होता आणि छपरावरून पाणी तेवढं ठिबकत होतं.

तिने धपाट्यांच्या पुरचुंडीची गाठ पुन्हा आवळली. मग म्हणाली, ‘ताई, तुम्ही कशाचं काय झालं ते शोधता ना?’

मी हो म्हटलं.

‘मग मला एवढं सांगा. लक्ष्म्यांना ती इकडं आली असती, तर तो ताप टळला असता का?’

मी मनात हिशेब मांडला. सण आणि ताप यांच्यात किती दिवस गेले, डास चावल्यावर ताप यायला किती लागतात, ती आली असती तर परत केव्हा गेली असती, पुण्यातला तो डास तिला कधी चावला असेल. हिशेब एका बाजूला झुकायचा आणि पुन्हा दुसऱ्या. ती आणखी आठवडाभर राहिली असती तर? राहिली नसती तर? यातलं काही आता कुणालाही सापडणार नव्हतं. आकाशातल्या फुग्यांचे धागे निदान खालपर्यंत बघत तरी जाता येतात. ती माझ्याकडे बघत होती. वर्षभर हा प्रश्न घेऊन ती त्या चुलीपाशी बसली होती, आणि नवऱ्यालाही तिने तो विचारला नव्हता.

‘नाही,’ मी म्हटलं. ‘नसता टळला.’

‘नक्की?’

‘नक्की.’

देवगावात मी एवढी एकच गोष्ट छातीठोकपणे सांगितली, आणि तिला माझ्याकडे कसलाही पुरावा नव्हता. माय ‘बरं’ म्हणाली. तिने पदराने तोंड पुसलं, धपाट्यांची पुरचुंडी माझ्या मांडीवर नीट ठेवली, आणि बस येईपर्यंत आम्ही तिथेच बसून राहिलो.